तीळ, चामखीळ की आणखी काही? काढून टाकण्याआधी हे तपासा

इन्स्टाग्रामवर असा एखादा रील तुम्हीही पाहिला असेल. गालावर काळा तीळ, त्यावर लसणाची पेस्ट, वरून चिकटपट्टी. पुढच्याच क्षणी गाल एकदम स्वच्छ. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न, 'किती दिवस लावायचं?'

दुसरा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. तो तीळच होता का?

आपल्या अंगावरचे बहुतेक तीळ, चामखिळी आणि डाग निरुपद्रवी असतात. ते आयुष्यभर तसेच राहिले तरी काही बिघडत नाही. पण त्वचेचे काही कॅन्सर सुरुवातीला अगदी साध्या तिळासारखे दिसतात. असा डाग कुणी न तपासता जाळून टाकला, तर तो काय होता हे सांगणारा पुरावाच नष्ट होतो. म्हणून कोणताही डाग काढण्याआधी त्याची ओळख पटवणं गरजेचं आहे. ती कशी पटवायची, ते समजून घेऊ.

तीळ म्हणजे नेमकं काय?

आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. या पेशी साधारणपणे त्वचेत विखुरलेल्या असतात. काही ठिकाणी त्यांच्यासारख्याच पेशींचा पुंजका तयार होतो आणि तिथे तपकिरी किंवा काळा ठिपका दिसतो. तोच तीळ. डॉक्टर त्याला 'नीव्हस' म्हणतात.

साधारण १०० पैकी एका बाळाला जन्मतःच तीळ असतो. बाकीचे तीळ लहानपणी आणि तरुणपणी येतात. वयानुसार तीळ बदलतात. सपाट तीळ हळूहळू उंच होतो, त्याचा रंग फिका पडतो, कधी त्यावर केस येतात. केस असलेला तीळ धोकादायक असतो, असा एक समज आहे. त्यात तथ्य नाही. तो केस कात्रीने कापला तरी चालतो.

किशोरवयात आणि गरोदरपणात काही तीळ थोडे गडद होऊ शकतात. पण हा बदल सगळ्या तिळांमध्ये साधारण सारखा असतो. एकच तीळ वेगाने बदलत असेल तर 'गरोदरपणामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. तसंच चाळिशीनंतर एखादा नवीन तीळ उगवला तर तो एकदा डॉक्टरांना दाखवावा.

सगळेच ठिपके तीळ नसतात

आपण ज्याला सरसकट तीळ किंवा चामखीळ म्हणतो, त्यात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात. त्यांचे उपचारही वेगळे असतात.

लोंबणारी चामखीळ: मान, काख, जांघ अशा घर्षणाच्या जागी येणारा मऊ, बारीक देठाचा मांसल तुकडा. डॉक्टर याला 'स्किन टॅग' म्हणतात. तो संसर्गजन्य नसतो. मंगळसूत्रात किंवा चेनमध्ये अडकला की दुखतो, एवढंच. पण मानेवर असे बरेच टॅग असतील आणि मानेची त्वचा काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या. वाढलेलं वजन आणि मधुमेहाकडे होणारी वाटचाल यांच्याशी या दोन्ही खुणांचा संबंध असतो.

खरखरीत चामखीळ: मराठीत हिलाही आपण चामखीळच म्हणतो, पण ही पूर्ण वेगळी. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणजेच एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गामुळे ती येते. बोटांवर, गुडघ्यावर, दाढीच्या भागात, तळपायावर दिसते. ती एकाकडून दुसऱ्याला होऊ शकते आणि खाजवल्याने किंवा दाढी करताना वस्तरा लागल्याने आजूबाजूला पसरते. तळपायावरच्या चामखिळीला अनेक जण कुरूप समजतात आणि ब्लेडने तासत बसतात. त्यामुळे ती आणखी पसरू शकते.

गालावरच्या बारीक काळ्या पुळ्या: गाल, डोळ्यांखाली, मानेवर मोहरीच्या दाण्याएवढ्या काळ्या उंचवट्यांचा घोळका दिसतो. आई, मावशी, आजी अशा घरातल्या अनेकांना असतो. यांना तीळ म्हटलं जातं, पण हे तीळ नाहीत. सावळ्या आणि काळ्या त्वचेत हा प्रकार जास्त दिसतो आणि तो अनुवंशिक असतो. डॉक्टर त्याला 'डर्माटोसिस पॅप्युलोसा नायग्रा' म्हणतात. नाव भीतीदायक वाटलं तरी प्रकार निरुपद्रवी आहे.

मेण चिकटवल्यासारखे डाग: चाळिशी-पन्नाशीनंतर पाठ, छाती, चेहऱ्यावर तपकिरी, खडबडीत, वरून चिकटवल्यासारखे डाग येतात. यांना 'सेबोऱ्हिक केराटोसिस' म्हणतात. वय वाढलं की हे दिसणं स्वाभाविक आहे.

लालचुटूक ठिपके: पोटावर, छातीवर दिसणारे टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे पुंजके. तेही निरुपद्रवी.

बाळाच्या पाठीवरचा निळसर डाग: भारतीय बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतः निळसर-करडा डाग असणं नेहमीचं आहे. तो मार लागल्याचा डाग नसतो. बहुतेक मुलांमध्ये तो काही वर्षांत फिका होतो.

वांग: गालांवर, कपाळावर पसरलेला तपकिरी पट्टा. ही गाठ नाही, त्यामुळे ती 'काढायचा' प्रश्नच नसतो. वांगावर मेडिकलमधून स्टिरॉइड असलेली क्रीम आणून महिनोन्‌महिने लावल्याने चेहरा कायमचा खराब झालेले अनेक रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांकडे येतात. अशा क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरू नका.

धोक्याची खूण कशी ओळखायची?

मेलॅनोसाइट पेशींच्या कॅन्सरला मेलानोमा म्हणतात. तो ओळखण्यासाठी न्यूयॉर्कमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९८५ मध्ये 'एबीसीडी' हा सोपा नियम मांडला. २००४ मध्ये त्यात 'ई' जोडलं गेलं. मराठीत तो असा सांगता येईल:

- ए, आकार: तिळाच्या मधोमध रेघ ओढली तर दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत.
- बी, कडा: कडा गोल आणि स्पष्ट नसून दातेरी किंवा पुसट आहेत.
- सी, रंग: एकाच तिळात काळा, तपकिरी, लाल, निळसर, पांढरा असे वेगवेगळे रंग आहेत.
- डी, व्यास: तीळ ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलच्या मागच्या खोडरबरापेक्षा मोठा आहे.
- ई, बदल: गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आकार, रंग, उंची बदलली आहे, खाज येते, रक्त येतं.

यातली एखादी खूण असली म्हणजे कॅन्सर झालाच, असं नाही. अनेक साधे तीळही ६ मिलिमीटरपेक्षा मोठे असतात. पण अशी खूण दिसली तर डॉक्टरांकडे जायला हवं. पाचपैकी शेवटची खूण, म्हणजे बदल, सगळ्यात जास्त लक्षात ठेवा.

आणखी एक सोपी युक्ती आहे. बदकाच्या पिल्लांमधलं ते वेगळं दिसणारं पिल्लू आठवतं? १९९८ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी त्याच गोष्टीवरून 'अग्ली डकलिंग साइन' ही खूण सांगितली. एका माणसाच्या अंगावरचे तीळ साधारणपणे एकमेकांसारखे दिसतात. त्यात एखादाच पूर्ण वेगळा दिसत असेल, तर त्याच्याकडे लक्ष द्या.

भारतीय त्वचेत कुठे बघायचं?

मेलानोमाचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. भारतात तो दुर्मीळ आहे. वर्षाला एक लाख लोकांमागे एकापेक्षाही कमी. त्यामुळे अंगावरचा प्रत्येक तीळ पाहून घाबरण्याचं कारण नाही.

पण एक फरक लक्षात घ्यायला हवा. गोऱ्या लोकांमध्ये मेलानोमा बहुतेकदा उन्हात राहणाऱ्या त्वचेवर होतो. सावळ्या-काळ्या त्वचेत तो अनेकदा जिथे ऊन पोहोचतच नाही अशा जागी आढळतो. तळपाय, तळहात आणि नखाखाली. नेमक्या याच जागा आपण कधी बघत नाही.

प्रसिद्ध गायक बॉब मार्ली याचं उदाहरण यासाठीच दिलं जातं. १९७७ मध्ये त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा असल्याचं निदान झालं. सुरुवातीला ती फुटबॉल खेळताना झालेली दुखापत वाटली होती. ११ मे १९८१ रोजी वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. तोपर्यंत कॅन्सर शरीरभर पसरला होता.

नखाबद्दल एक खुलासा. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर तपकिरी उभ्या रेषा असणं सामान्य आहे. पण मोठ्या वयात एकाच नखावर नवी काळी रेष आली, ती रुंद होत गेली किंवा तिचा रंग नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेवर उतरला, तर लगेच दाखवा. नखाला मार लागून साकळलेलं रक्तही काळं दिसतं, पण ते नखाबरोबर पुढे सरकत जातं. रेष मात्र जागीच राहते.

मेलानोमाशिवाय त्वचेचे इतर कॅन्सरही आहेत. वयस्कर माणसाच्या नाकावर किंवा गालावर चकचकीत काळसर गाठ येते, मधे खड्डा पडतो, खपली धरते, पडते, पुन्हा धरते. हा 'बेसल सेल' प्रकारचा कॅन्सर असू शकतो. तो सहसा शरीरभर पसरत नाही, पण जागच्या जागी पोखरत जातो.

वर्षानुवर्षं घर्षण होणाऱ्या त्वचेचीही काळजी घ्यावी लागते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. व. रा. खानोलकर यांनी १९४५ मध्ये 'धोती कॅन्सर'चं वर्णन केलं होतं. धोतर रोज एकाच जागी घट्ट आवळल्याने कमरेवर होणारा हा कॅन्सर. साडीच्या परकराच्या नाडीमुळे असाच कॅन्सर झाल्याच्या नोंदी नंतर डॉक्टरांनी केल्या. हे अत्यंत दुर्मीळ आहे. पण घरातल्या आजीच्या कमरेवर नाडीच्या जागी न भरणारी जखम असेल तर ती दुर्लक्षित राहू नये. शरीरावर कुठेही महिनाभरात न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

घरी तपासणी कशी करायची?

दोन-तीन महिन्यांतून एकदा १० मिनिटं पुरतात. अंघोळीनंतर भरपूर उजेडात आरशासमोर उभे राहा. चेहरा, कान, मान, छाती, हात बघा. तळहात, बोटांच्या बेचक्या, नखं बघा. नेलपॉलिश असेल तर आधी पुसा. खाली बसून तळपाय आणि पायाची बोटं बघा. पाठ आणि डोक्याची त्वचा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा.

मोठ्या किंवा शंका येणाऱ्या तिळाचा मोबाईलवर फोटो काढा. शेजारी शाळेतली मोजपट्टी ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी नक्की तुलना करता येईल. डॉक्टरांनाही अशा फोटोंचा खूप उपयोग होतो.

तिळाचा फोटो काढून 'कॅन्सर आहे की नाही' सांगणाऱ्या ॲपवर मात्र विसंबू नका. अशा ॲपच्या अभ्यासांमध्ये ती भरवशाची नसल्याचं दिसलं आहे. शिवाय यातली बरीचशी गोऱ्या त्वचेच्या फोटोंवर शिकवलेली आहेत.

डॉक्टरांकडे काय होतं?

त्वचारोगतज्ज्ञ आधी डोळ्यांनी तपासतात. मग 'डर्मोस्कोप' नावाचं हातात मावणारं भिंग त्वचेवर ठेवून बघतात. त्यात साधारण १० पट मोठं दिसतं आणि त्वचेच्या आतली रंगाची रचना कळते. यात सुई नाही, वेदना नाही. बऱ्याच शंका इथेच मिटतात.

तरीही खात्री नसेल तर बायोप्सी करतात. जागेवर भूल देऊन तीळ किंवा त्याचा तुकडा काढतात आणि पॅथॉलॉजिस्ट तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' ही भीती अनेक घरांत असते. ती खरी नाही. बायोप्सी टाळल्याने निदान लांबतं आणि खरा धोका त्यात आहे. मेलानोमा त्वचेत किती खोल गेला आहे यावर पुढचं बरंच काही ठरतं. वरवर असताना तो सापडला तर शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होऊ शकतो.

काढायचाच असेल तर कोणते पर्याय?

निरुपद्रवी तीळ दिसायला आवडत नाही म्हणून काढून घेणं यात काही चूक नाही. फक्त पद्धत डागाच्या प्रकारानुसार निवडावी लागते.

- कापून टाके घालणं: तीळ मुळापासून निघतो आणि तपासणीसाठी पूर्ण मिळतो. शंकास्पद तिळासाठी हीच पद्धत. टाक्यांचा बारीक वण राहतो.
- वरून तासणं: उंच तिळासाठी. टाके लागत नाहीत, काढलेला भाग तपासता येतो. मूळ आत राहिल्यास तीळ परत येऊ शकतो.
- कॉटरी किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी: विजेच्या उष्णतेने काढणं. स्किन टॅग आणि गालावरच्या काळ्या पुळ्यांसाठी सोयीची. खपली साधारण आठवडा-दहा दिवसांत पडते.
- क्रायोथेरपी: उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं. विषाणूजन्य चामखिळीसाठी वापरतात. सावळ्या त्वचेवर पांढरा डाग राहू शकतो, हे आधी विचारून घ्या.
- लेझर: काही डागांवर उपयोगी. पण लेझरने तीळ जाळला तर तपासायला काहीच उरत नाही. म्हणून शंका असलेल्या तिळावर लेझर नको.

खांदे, छातीचा मधला भाग आणि कानाची पाळी इथे वण जाड होऊन वाढण्याची, म्हणजे कीलॉइड होण्याची शक्यता जास्त असते. आधी कधी कान टोचल्यावर किंवा जखमेनंतर अशी गाठ आली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तीळ काढल्यावर खपली ओढू नका आणि त्या जागेला उन्हापासून जपा, नाहीतर तिथे काळा डाग राहतो.

घरगुती उपाय का नकोत?

चुना आणि खायचा सोडा, लसूण, रुईचा चीक, बिब्बा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे उपाय सांगितले जातात. या सगळ्यांचं काम एकच, त्वचा भाजणं. बिब्ब्याने तर अंगावर मोठे फोड येऊ शकतात. रुईचा चीक चुकून डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा उपायही ऐकला असेल. त्याने रक्तपुरवठा थांबून टॅग पडतो खरा, पण त्याआधी दुखतो, सुजतो आणि कधी पिकतो.

ऑनलाइन मिळणारी 'तीळ घालवणारी' क्रीम आणि पेनही याच पठडीतली. तीळ किंवा स्किन टॅग घरी काढण्यासाठी मान्यता दिलेलं एकही औषध नाही, असं सांगत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये अशी उत्पादनं विकणाऱ्यांना इशारा दिला होता. पार्लरमध्ये तीळ 'जाळून देणं' हाही उपचार नव्हे. तिथे तो तपासलाही जात नाही.

अर्धवट जळालेला तीळ परत येतो तेव्हा वेडावाकडा येतो. मग सूक्ष्मदर्शकाखालीही तो मेलानोमासारखा दिसू शकतो आणि निदानात गोंधळ होतो. म्हणून आधी घरी काही लावलं असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

तीळ काढल्याने कॅन्सर होतो का?

नाही. साधा तीळ काढल्याने तो कॅन्सर बनत नाही. मग हा समज आला कुठून? याचं एक कारण समजण्यासारखं आहे. मुळात कॅन्सर असलेला 'तीळ' कुणीतरी न तपासता काढतं. काही महिन्यांनी तो परत वाढतो किंवा पसरतो. बघणाऱ्यांना वाटतं, काढला म्हणून झालं. प्रत्यक्षात कॅन्सर आधीपासूनच होता. काढलेला तुकडा तपासला असता, तर तो तेव्हाच कळला असता.

जाण्याआधी हे विचारा

डॉक्टर एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमाधारक त्वचारोगतज्ज्ञ आहेत का ते बघा. त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. खासगी खर्च परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. निव्वळ सौंदर्यासाठी काढलेल्या तिळाचा खर्च आरोग्य विम्यात साधारणपणे मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

मग हे चार प्रश्न विचारा:

१. हा नक्की काय आहे?
२. काढण्याची गरज आहे का, की सोडून दिला तरी चालेल?
३. कोणत्या पद्धतीने काढणार आणि वण किती राहील?
४. काढलेला भाग तपासणीला पाठवणार का? नसेल, तर का नाही?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. स्पष्टपणे ओळखू येणाऱ्या स्किन टॅगसाठी 'गरज नाही' हे उत्तर बरोबर असू शकतं. तिळासाठी मात्र त्याचं कारण समजून घ्या. तपासणीचा अहवाल आला की तो जपून ठेवा.

आणि आज रात्री झोपण्याआधी एकदा स्वतःचे तळपाय बघा. शेवटचे कधी बघितले होते, आठवतंय का?